पाण्यावरची रेघ

व्यापारी माणसाची सहनशक्ती मोठी असते असे मानले जाते, आणि ते खोटे नाही. बाजार उतरला, माल वाटेत भिजला, जुने गिऱ्हाईक पैसे बुडवून गाव सोडून गेले, तरी तो दुसऱ्या दिवशी वेळेवर दुकान उघडतो. रक्कम बुडीत खाती टाकतो आणि पुढच्या सौद्याकडे वळतो. हाच माणूस स्थानकाच्या पायरीशी आपल्या चपलांवर दुसऱ्याच्या चपला पडलेल्या पाहतो आणि त्याच्या कपाळाला आठी पडते. प्रवचनात मागच्या रांगेत कोणाचा तरी मोबाइल वाजतो. प्रतिक्रमणात शेजारचा गृहस्थ सर्वांच्या दोन शब्द पुढे, तेही मोठ्या आवाजात म्हणत जातो. संघाच्या जेवणात कोणी ताट भरून घेतो आणि अर्धे टाकून उठतो. लाखाचे नुकसान पचवणाऱ्याला या गोष्टी मात्र पचत नाहीत.

दुकानात आणि घरातही तेच. कोणी थुंकी लावून नोटा मोजतो, कोणी बशीतला चहा भुरके मारीत पितो, कोणी सही करण्यासाठी मागितलेले पेन खिशाला लावून निघून जातो. पाणी गाळण्याचे फडके ओलेच गुंडाळून ठेवलेले सापडते. सूर्यास्ताला दहा मिनिटे उरलेली असतात, पाने वाढलेली असतात, आणि घरातले एक माणूस फोनवर बोलतच राहते. अपराध म्हणावा एवढे यात काही नाही. तरीही दिवसभरातील मनःशांतीचा मोठा भाग याच किरकोळ बाबींत खर्च होतो.

याचे एक कारण असे की मोठ्या अन्यायाला दाद मागण्याची जागा असते. व्यवहारात फसवणूक झाली तर पंच आहेत, लवाद आहे, न्यायालय आहे. भुरक्याची फिर्याद कोणाकडे न्यायची? बोलून दाखवावे तर बोलणाराच क्षुद्र ठरतो. म्हणून माणूस गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यालाच क्षमा समजतो. वस्तुतः ती क्षमा नसते. रोजकीर्दीत न लिहिलेली रक्कम खतावणीत येत नाही, आणि जे खतावणीत नाही ते खाते कधी मिटत नाही. नोंद नसलेले येणे मनात मात्र व्याजासह वाढत राहते.

बाजारपेठेत अनेकदा दिसणारे एक चित्र येथे आठवावे. दोन भाऊ एका गादीवर बसतात. थोरला थुंकी लावून नोटा मोजतो, त्याची धाकट्याला किळस येते. धाकटा तिजोरीची किल्ली रोज नव्या जागी ठेवतो, ती शोधताना थोरल्याची सकाळ बिघडते. पहिल्या वर्षी दोघेही नुसते तोंड फिरवतात. पाचव्या वर्षी ‘याची सवयच वाईट’ या वाक्याचे ‘हा माणूसच असा’ असे रूपांतर झालेले असते. दहाव्या वर्षी गोदामाच्या भाड्याचा एक साधा प्रश्न उभा राहतो. दहा मिनिटांत सुटावा असा तो प्रश्न असतो, परंतु त्या बैठकीत दहा वर्षांची न लिहिलेली बाकीही येऊन बसते. वाटणीच्या कागदात गोदाम, भांडवल आणि पेढीचे नाव यांचा उल्लेख होतो. थुंकीचा आणि किल्लीचा कोठेच होत नाही. पुढे म्हातारी आई सहा महिने एका घरी आणि सहा महिने दुसऱ्या घरी राहते, आणि एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात बोलायची नाही एवढे शिकते.

जैन आचार्यांनी क्रोधाचा जो विचार केला आहे, तो या ठिकाणी फार उपयोगी पडतो. कर्मग्रंथांत क्रोधाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत आणि प्रत्येकीला एका रेघेची उपमा दिली आहे. संज्वलन क्रोध पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखा, उमटता उमटता मिटणारा. प्रत्याख्यानावरण क्रोध वाळूवरच्या रेघेसारखा, वाऱ्याची झुळूक आली की बुजणारा. अप्रत्याख्यानावरण क्रोध जमिनीच्या भेगेसारखा. काळ्या रानाला उन्हाळ्यात पडलेली भेग पाऊस येईपर्यंत तशीच राहते, तसा तो राहतो. अनंतानुबंधी क्रोध म्हणजे पर्वताला गेलेला तडा. तो कशानेच सांधत नाही.

या चारही अवस्थांना स्थूलमानाने काळाची मर्यादाही दिलेली आहे. श्वेतांबर परंपरेत ती पहिलीला एक पक्ष, दुसरीला चार महिने, तिसरीला एक वर्ष आणि चौथीला संपूर्ण आयुष्य अशी सांगतात. दिगंबर ग्रंथांत काळाचे माप निराळे असले, तरी चार पायऱ्या त्याच आहेत. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणे या काळाशी नेमकी जुळतात. पंधरवड्यात न मिटलेली बाकी चार महिन्यांत मिटावी, तेव्हाही राहिली तर निदान संवत्सरी ओलांडू नये, अशी ही व्यवस्था आहे.

यातील मर्म सहज नजरेतून सुटते. येथे क्रोधाची पायरी मुख्यतः तो किती काळ टिकला यावरून ओळखली आहे. समोरच्याचा अपराध किती मोठा होता, हा प्रश्न विचारलेलाच नाही. मोठ्या फसवणुकीचा राग पंधरा दिवसांत निवला, तर तो पाण्यावरची रेघ. चपलांवर पडलेल्या चपलांचा राग संवत्सरी ओलांडून गेला, तर तो पर्वताचा तडा. शास्त्र पुढे असेही सांगते की तिसऱ्या पायरीचा कषाय श्रावकाची व्रते अडवतो आणि चौथ्या पायरीचा कषाय सम्यक्त्वालाच अडवतो. उपवास झाले, आयंबिलची ओळी झाली, दान झाले, आणि शेजारच्या दुकानदाराच्या खाकरण्याचा तिटकारा मात्र सात वर्षे मनात तसाच राहिला, तर त्या साऱ्या जमेवर हा केवढा बोजा! वस्तू क्षुल्लक आहे म्हणून तिचा राग क्षुल्लक राहत नाही. उलट क्षुल्लक म्हणून तो कोणी मिटवत नाही, आणि त्यामुळेच तो टिकतो.

मग दुसऱ्याच्या वाईट सवयी शास्त्राने दुर्लक्षिल्या काय? मुळीच नाही. सामायिकाचे ३२ दोष सर्वांना ठाऊक आहेत: मनाचे १०, वचनाचे १० आणि कायेचे १२. त्यांत वारंवार आसन हलवणे, भिंतीला टेकणे, हातपाय आखडणे-पसरणे, बोटे मोडणे, आळस देणे, पुटपुटत अस्पष्ट बोलणे हे सारे आहे. शेजाऱ्याच्या ज्या सवयींनी माणूस वैतागतो, त्यांची ही जवळजवळ पूर्ण यादीच म्हणावी लागेल. परंतु ही यादी प्रत्येकाने स्वतःसाठी वाचायची आहे. शेजाऱ्याने किती वेळा बोटे मोडली याची मोजणी करण्यात ४८ मिनिटे गेली, तर शेजाऱ्याला कायेचा एक दोष लागला आणि मोजणाऱ्याचे संपूर्ण सामायिकच मनाच्या दोषात गेले.

याचा अर्थ निमूटपणे सोसत राहावे असा नाही. भाषासमिती म्हणजे मौन नव्हे, ती जपून बोलण्याची शिस्त आहे. जे बोलायचे ते हिताचे असावे, मोजके असावे आणि गोड असावे. थोरल्याच्या हाताशी ओल्या स्पंजची डबी आणून ठेवणे हेही एक बोलणेच आहे. किल्लीसाठी भिंतीला खिळा ठोकून ‘येथे ठेवत जा, मला सकाळी सोपे पडते’ असे म्हणण्यास अर्धा मिनिट लागतो. सांगायचे ते एकट्याला सांगावे, चारचौघांत नको. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. ‘तू नेहमीच’ हे दोन शब्द टाळावेत, कारण त्यांतून आजच्या तक्रारीबरोबर मागची सारी बाकी बाहेर पडते. आणि सांगूनही सवय सुटली नाही, तर ती रक्कम खुल्या मनाने बुडीत खाती टाकावी. व्यापाऱ्याला ही कला शिकवावी लागत नाही. ती फक्त गादीवरून घरात आणायची असते.

संवत्सरीला एका दमात शेकडो जणांच्या मोबाइलवर ‘मिच्छामि दुक्कडम्’ पोहोचते. त्यांतील बहुतेकांशी वर्षभरात कसलाच कलह झालेला नसतो. क्षमापनेच्या पाठात आधी सर्व जीवांना क्षमा करायची आहे, आणि मग त्यांच्याकडून क्षमेची अपेक्षा धरायची आहे. हा क्रम पाळायचा, तर दूरच्या परिचितांच्या आधी रोज एका ताटलीतून नाश्ता करणाऱ्याचा, एका गादीवर बसणाऱ्याचा, एका न्हाणीघराचा नळ नीट बंद न करणाऱ्याचा क्रमांक लागतो. त्यासाठी संवत्सरीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. पक्खी दर पंधरा दिवसांनी येते. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसण्यापूर्वी, पंधरवड्यात कोणाच्या कोणत्या सवयीने मन वारंवार कडू झाले, एवढे एक नाव आठवावे, आणि ते माणूस त्याच घरात असेल तर उठून त्याच्याशी दोन शब्द चांगले बोलावेत.