भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी

आमच्या शाळेच्या समितीचे खजिनदार मोठे जपणूक करणारे गृहस्थ. त्यांच्या घरी पितळेच्या पातेल्यांना अजून कल्हई होते आणि आजोबांचे घड्याळ त्यांनी तिसऱ्यांदा दुरुस्त करून घेतले आहे. अशा माणसाने भर सभेत उठून म्हणावे, की शाळेचे बारा संगणक जुने झाले, ते किलोच्या भावाने काढून टाकावेत! त्या सभेत मला नीट बोलता आले नाही, ते इथे बोलतो. फराळाच्या ताटाशी भांडण आणल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

कारण काय, तर विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ऐन दिवाळीच्या तोंडावर! विंडोज ११ घालावी, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर साधारण २०१७-१८ नंतरचा हवा. आमची बहुतेक यंत्रे २०१३ ची. पण मी विचारतो, १३ तारखेला चालणारे यंत्र १५ तारखेला बिघडले का? देखभालीवाचून इंटरनेटवर जाणे धोक्याचे, हे मला मान्य आहे. मग दुसरी देखभाल शोधा! रखवालदार नोकरी सोडून गेला म्हणून कोणी घर पाडत नाही.

दुसरा रखवालदार १९९१ पासून हजर आहे. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्या साली लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. आज जगभरची माणसे तो सांभाळतात. "फुकटच्या मालाला वाली कोण?" असे खजिनदारांनी मला फोन करून विचारले. ज्या अँड्रॉइड फोनवरून विचारले, त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, हे त्यांना कोण सांगणार!

शेवटी एका रविवारी भाच्याला घेऊन मी शाळेत गेलो. "मामा, आधी मुलांच्या फायली बाहेर काढा. डिस्क एकदा पुसली की पुसली," त्याने बजावले. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती नुसतीच चालवून पाहिली. ही मला फार आवडलेली गोष्ट. डिस्कला हात न लावता काय चालते, काय अडते, ते कळते. अडले ते वायफाय. त्या कार्डाची आणि नव्या व्यवस्थेची ओळखच पटेना. तेव्हा फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट घेतले, हवा तो ड्रायव्हर उतरवला आणि गाडी पुढे गेली. यंत्रे मंद होती, तो दोष मुख्यतः जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा होता. तिथे एसएसडी बसवल्या. दोन संगणक मुळातच मेलेले होते; त्यांची रॅम काढून दुसऱ्या दोघांना घातली. नऊ यंत्रे उभी राहिली आणि सगळा खर्च एका नव्या संगणकाच्या किमतीत भागला.

मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक मिळाला. जुने अहवाल मात्र उघडले तर अक्षरांची भेळ! ते कोणत्या तरी खासगी फाँटात टंकलेले. लागलीच लिनक्सच्या नावाने बोटे मोडली गेली. अहो, वेळेवर युनिकोड वापरला नाही तो आपण; त्यात लिनक्सचा काय अपराध?

बारावा संगणक ३२ बिटांचा निघाला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने तसल्या जुन्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणेच थांबवले आहे. त्याच्यापुढे मी हात टेकले. तेवढा एक खुशाल काढून टाका. तोही किलोच्या भावाने नव्हे. ई-कचरा रीतसर घेणाऱ्याकडे द्या.

खजिनदार अजून माझ्याशी बोलत नाहीत. परवा त्यांची नात घरी आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत आजोबांचा जुना लॅपटॉप. "आजोबांना सांगू नका हं," म्हणाली. "आधी फायली काढून आण," मी म्हटले.