बाटलीवरचे नाव आणि बाटलीतली साखर

1996 चा क्रिकेट विश्वचषक भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेत झाला. स्पर्धेचे अधिकृत शीतपेय होण्याचा मान कोका-कोलाने पैसे मोजून मिळवला होता. पेप्सीने त्या 'अधिकृत' शब्दाचीच टिंगल उडवली. 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणत सचिन आणि अझरुद्दीन पडद्यावर आले. पैसे कोकचे, चर्चा पेप्सीची! जाहिरात झकास होती, हे मान्यच करावे लागेल. पुढे 2003 साली दक्षिण आफ्रिकेत पारडे फिरले. आता पेप्सी अधिकृत होती आणि सेंचुरियनच्या मैदानात कोक पिणाऱ्या एका प्रेक्षकाला चक्क बाहेर काढले गेले. तिकीट काढून आलेल्या माणसाने काय प्यावे, हेही प्रायोजकच ठरवणार.

या भांडणात बाटलीत काय आहे, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. (1996 च्या स्पर्धेचे नाव 'विल्स' होते. म्हणजे सिगारेटचे. त्या जाहिरातींना पुढे कायद्याने आळा घातला.)

आपण मुसलमान तरी तो प्रश्न विचारतो का? हाशिम अमलाने जर्सीवर बिअरचा लोगो लावायला नकार दिला, त्याचे आपल्याला केवढे कौतुक! रास्तच आहे. पण कोला हलाल, म्हणून विषय संपला असे आपण धरून चालतो. कुरआनमध्ये खाण्याच्या संदर्भात 'हलाल'च्या जोडीने 'तय्यब' हा शब्द येतो. तय्यब म्हणजे चांगले, शुद्ध. त्याची आठवण मात्र दस्तरख्वानवर होत नाही.

330 मिलिलिटरच्या कोकच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने अशी वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. आपण दिवसभराच्या रोजानंतर, रिकाम्या पोटी ती दोन लिटरची बाटली उघडतो. घराघरात मधुमेह असताना.

आपला वाद असतो तो कंपनी कुणाची यावर. 2002 मध्ये फ्रान्समध्ये 'मक्का कोला' निघाला. नफ्यातला वाटा पॅलेस्टाईनच्या मुलांसाठी देण्याचे जाहीर झाले. हेतू चांगला, बहिष्काराला माझाही विरोध नाही. पण बाटलीत कोलाच होता. लेबल बदलून शरीराला फरक पडत नाही.

पुल्लेला गोपीचंद यांनी 2001 मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली आणि चालून आलेली कोलाची जाहिरात नाकारली. बॅडमिंटनमध्ये तेव्हा क्रिकेटसारखा पैसा नव्हता, हे लक्षात घेतले तर त्या नकाराची किंमत कळते. आपल्या मशिदींच्या कमिट्यांना तर काहीच गमवायचे नाही. इफ्तारच्या सामानाच्या यादीतून कोल्ड्रिंकची ओळ खोडून लिंबू आणि सब्जा लिहायचा. साखर सरबतातही असते, पण ती किती घालायची हे आपल्या हातात असते.