पारपत्राची प्रतवारी

जगातील पारपत्रांची, त्यांच्या धारकांना किती देशांत व्हिसावाचून प्रवेश मिळतो या एकाच कसोटीवर लावलेली जी क्रमवारी दरसाल प्रसिद्ध होते, तिच्यात भारताचे पारपत्र ऐंशीच्या आगेमागे घुटमळते एवढ्या एका गोष्टीवरून, एका व्यासंगी म्हणून मान्यता पावलेल्या लेखकाने नुकतीच मोठ्या आवेशाने काही प्रमेये मांडली आहेत. त्यांच्या मते हा क्रमांक म्हणजे राष्ट्राच्या प्रतिष्ठेचे अचूक माप होय. परकीय वकिलातीच्या दाराशी रांगेत तिष्ठणारा भारतीय हा साऱ्या राष्ट्राचा अपमान होय. जे सुस्थित लोक या अपमानाला कंटाळून दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आणि सरकारने इतर सारे बाजूला ठेवून छोट्यामोठ्या देशांशी करारमदार करावेत व पाचदहा वर्षांत पहिल्या चाळीसांत मुसंडी मारावी. लेख वाचून संपला तेव्हा या संपूर्ण विवेचनात पारपत्र हातात घेऊन प्रत्यक्ष प्रवास करणाऱ्या माणसाला कोठेही जागा मिळालेली नाही, हे ध्यानात आले. म्हणून हे खंडन.

प्रथम मापाविषयी. या याद्यांपैकी सर्वांत गाजलेली यादी जी पेढी प्रसिद्ध करते, तिचा धंदाच मुळी धनिकांना गुंतवणुकीच्या मोबदल्यात दुसरे नागरिकत्व मिळवून देण्याचा आहे. आपल्या पारपत्राविषयी असंतोष निर्माण होणे हे तिच्या गिऱ्हाइकीचे भांडवल आहे, ही साधी गोष्ट आमच्या लेखकांनी वाचकांना सांगितली असती तर बरे झाले असते. १९९ पारपत्रे आणि २२७ ठिकाणे एवढा तिचा पसारा. प्रत्येक ठिकाणास एकच गुण, मग ते जर्मनी असो वा प्रशांत महासागरातील तुवालू. विमानतळावर पैसे भरून मिळणारा व्हिसाही व्हिसामुक्त प्रवेशाच्याच पंक्तीला बसवलेला. या मापाने भारत २०२५ च्या जुलैत ७७ वा होता आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ८५ वा. मधल्या तीन महिन्यांत देशाची प्रतिष्ठा आठ पायऱ्या घसरली असे मानावयाचे असेल तर ती कोणत्या कृत्याने घसरली हेही सांगितले पाहिजे. प्रत्यक्षात ठिकाणांची संख्या ५९ वरून ५७ झाली होती, इतकेच. चीनचे पारपत्र याच यादीत साठीच्या घरात आहे, आणि १९८४ पासून कायद्याने नागरिकत्व विकत देणारे, पन्नासेक हजार वस्तीचे सेंट किट्स व नेव्हिस त्याच्या कितीतरी वर. प्रतिष्ठेचे माप म्हणून ही कसोटी येथेच निकालात निघते. शिवाय दार उघडणारा आणि मिटणारा हात नेहमी आपल्या ओळखीचा असतोच असे नाही. सर्बियाने भारतीयांना २०१७ मध्ये दिलेली व्हिसामाफी १ जानेवारी २०२३ पासून काढून घेतली, ती भारताने काही आगळीक केली म्हणून नव्हे, तर सर्बियामार्गे होणाऱ्या स्थलांतराने त्रस्त झालेल्या युरोपीय संघाने तगादा लावला म्हणून. आणि ब्राझीलने २०२५ च्या एप्रिलपासून अमेरिकी नागरिकांवर पुन्हा व्हिसा लादला, तो अमेरिका ब्राझीलच्या नागरिकांकडून व्हिसा मागते एवढ्यासाठी. त्यामुळे अमेरिकेची अप्रतिष्ठा झाली असे कोणी म्हणाल्याचे ऐकिवात नाही.

परंतु हे आक्षेप दुय्यम आहेत. माझा खरा आक्षेप असा की, ज्याला आमचे लेखक ‘भारताचे पारपत्र’ असे एकवचनी संबोधतात, ते एक नाहीच. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये, दहावी उत्तीर्ण नसलेल्या आणि अन्य कोणत्याही सवलतीत न बसणाऱ्या नागरिकाच्या पारपत्रावर, त्यास उत्प्रवास-तपासणी आवश्यक आहे अशी नोंद असते. आणि असा इसम सौदी अरेबिया, कुवेत, ओमान, कतार, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया अशा अठरा देशांपैकी कोठेही नोकरीसाठी जावयाचा झाला, तर त्या देशाने व्हिसा दिलेला असतानाही, आपल्याच सरकारच्या उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी मिळाल्यावाचून त्यास विमानात पाऊल टाकता येत नाही. आयकर भरणाऱ्याला ही अट नाही, पदवीधराला नाही, पन्नाशी ओलांडलेल्याला नाही. आहे ती रत्नागिरी-रायगडच्या खेड्यातून आखातात निघालेल्या गवंड्याला, सुताराला, स्वयंपाक्याला. अशिक्षितास एजंटाच्या तावडीतून वाचविण्यासाठी हा निर्बंध घातला, हे मला मान्य आहे, आणि तो हेतू मी क्षुद्र मानीत नाही. पण ज्याला संरक्षण द्यावयाचे तोच माणूस, मंजुरीची दगदग टाळण्यासाठी एजंटाच्या सांगण्यावरून पर्यटकाच्या व्हिसावर रवाना होतो, तेथे गेल्यावर कोणत्याही दप्तरात त्याची कामगार म्हणून नोंद राहत नाही, आणि मग त्याचा पगार थकला, त्याला मारहाण झाली, तो मचाणावरून पडला, तरी सरकारजवळ त्याच्या नावाचा कागद नसतो. ही या व्यवस्थेची फलश्रुती होय. २०१८ च्या जानेवारीत तर अशा नागरिकांच्या पारपत्रास नारिंगी रंगाचे वेष्टन घालण्याचे घोषित झाले होते, म्हणजे कोणत्याही विमानतळावर कोणत्याही कारकुनाने दुरूनच ओळखावे की हा न शिकलेला, गरीब भारतीय आहे. लोकांनी ओरड केली आणि महिना उलटण्याच्या आत तो हुकूम मागे घेण्यात आला, हे आपले भाग्य. क्रमवारीत मात्र नारिंगी आणि निळ्यास सारखेच गुण पडले असते.

ही दुहेरी वागणूक आजची नव्हे. १९६२ चा राष्ट्रकुल स्थलांतर कायदा येईपर्यंत भारतीय नागरिकास ब्रिटनमध्ये व्हिसावाचून जाण्याची, राहण्याची आणि काम करण्याची मुभा होती. आमच्या लेखकांच्या हिशेबाने तो भारतीय पारपत्राचा सुवर्णकाळ म्हटला पाहिजे. पण ते पारपत्र मिळत होते कोणाला? विलायतेस निघालेल्या अशिक्षित, निर्धन अर्जदारास ते देण्यास आपलीच कचेरी नाखूष असे. जामीन मागावा, ऐपतीची चौकशी करावी, अर्ज दाबून ठेवावा, अशी रीत होती. पारपत्र ही सरकारची मेहेरबानी आहे, हक्क नव्हे, ही समजूत १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात मोडून काढली आणि परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला. त्यानंतर त्याच वर्षी पारपत्र अधिनियम झाला. १९६२ पर्यंत दारे उघडी होती आणि माणसे घरी होती. अशा काळात यादी काढली असती तर क्रमांक उत्तम लागला असता, हे ज्यांना खटकत नाही त्यांच्याशी राष्ट्राच्या प्रतिष्ठेविषयी बोलण्यात हशील नाही.

दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्यांविषयीच्या प्रमेयासाठी येथे गोव्याच्या जुन्या वादाकडे वळणे भाग आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना, तिसऱ्या पिढीपर्यंत, लिस्बनच्या दप्तरात जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. हजारो गोमंतकीयांनी ते घेतले, आणि त्यांतील पुष्कळ कुटुंबे इंग्लंडात स्विंडनसारख्या गावी वसली. त्यांना देशद्रोही म्हणणाऱ्यांशी मी पूर्वी भांडलो आहे आणि आजही भांडेन. पोटामागे गेलेला माणूस देशद्रोही नसतो. परंतु क्रमवारीच्या भक्तांनी या कुटुंबांची कहाणी नीट ऐकावी. पोर्तुगालचे पारपत्र यादीत अग्रभागी आहे. ते हाती येताच भारतीय नागरिकत्व कायद्याने संपते, मतदानाचा हक्क जातो, आणि आजोबांच्या घरी यावयाचे तर व्हिसा किंवा परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणी लागते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला, आणि त्यानंतर लिस्बनचे पारपत्र घेणाऱ्या गोमंतकीयास स्विंडनला जाऊन राहण्याचा व नोकरी करण्याचा जो हक्क पूर्वी आपसूक मिळे तो नाहीसा झाला. इतकी मोठी गोष्ट गेली, आणि यादीत एका गुणाचाही फरक पडला नाही. कारण पर्यटक म्हणून त्याला अद्याप व्हिसा लागत नाही.

रांगेच्या अपमानाविषयी एवढेच म्हणतो की, तो खरा आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी २०२४ च्या जूनपासून ९० युरो घेतले जातात आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाहीत. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध सरकारने बोललेच पाहिजे. पण तो सहलीला निघालेल्यांचा अन्याय आहे, आणि देशाच्या एकूण दुःखांत त्याचे स्थान तेवढेच.

मग पारपत्राचे मोल कशाने ठरवावे? भारतीय पारपत्रात राष्ट्रपतींच्या नावाने सर्व संबंधितांना जी विनंती छापलेली असते तिचे दोन भाग आहेत: धारकास निर्विघ्न जाऊ द्यावे, आणि त्यास लागेल ते साहाय्य व संरक्षण द्यावे. क्रमवारी पहिल्या भागापाशी थांबते. माझ्या मते पारपत्राची परीक्षा दुसऱ्या भागात होते, आणि ती सर्वांत दुबळ्या धारकाच्या बाबतीत झाली पाहिजे. १९९० साली इराकने कुवेत गिळंकृत केले तेव्हा एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणले गेले. त्यांत धनिक होते, मजूरही होते. त्या दिवसांत भारताचे पारपत्र किती दारे उघडते हे कोणी विचारले नाही, ते हाती असलेल्याला घरी नेण्यास कोणी येते की नाही एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर होकारार्थी आले. याउलट रोजच्या काळात चित्र निराळे असते. पारपत्र ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे असे १९६७ चा अधिनियम सांगतो. तरीही आखातात मालक मजुराचे पारपत्र स्वतःच्या तिजोरीत ठेवतो, तेथील कायद्यानेही त्यास मनाई असताना ठेवतो, आणि मजूर घरच्या मयतीलाही त्याच्या मर्जीवाचून येऊ शकत नाही. ज्या पारपत्राचा धारक ते स्वतःच्या खिशात ठेवू शकत नाही, ते सत्तावन्न देश उघडते काय आणि सत्त्याण्णव काय!

तेव्हा पहिल्या चाळीसांत जाण्याची मोहीम आखण्याआधी, कोकणातून निवडून गेलेल्या लोकप्रतिनिधींनी संसदेत सरकारला एवढे विचारावे, ही माझी विनंती आहे: मालकाने पारपत्र अडकवून ठेवल्याच्या किती तक्रारी गेल्या वर्षी आखातातील आपल्या वकिलातींकडे आल्या, त्यांपैकी किती पारपत्रे मजुरांच्या हाती परत पडली, आणि उरलेल्यांचे काय झाले.