पेटी घरात, किल्ली कंपनीकडे

जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या घरगुती साठवण-पेट्यांतील मजकूर जगभरच्या अनेक घरांत अचानक पुसला गेला. पेटी ग्राहकाची, वीज त्याची, छायाचित्रे त्याची. आतील संचालन प्रणाली मात्र कंपनीची, आणि तिची डागडुजी कंपनीने २०१५ सालीच थांबविलेली! कवठे महांकाळचा द्राक्षबागायतदार आपले हिशेब अशाच पेटीत ठेवील, तर त्याचीही गत तीच.

वस्तुतः यावर उपाय आहे. बहुतेक पेट्यांच्या पोटात मूळचे लिनक्सच असते, आणि त्याचा परवाना विक्रेत्यास मूळ संहिता खुली करणे भाग पाडतो. म्हणूनच लिंकसिसच्या २००४ मधील अवघ्या ३२ मेगाबाइट स्मृतीच्या पेटीवर हौशी मंडळींनी संपूर्ण डेबियन चालविले. ‘माय बुक लाइव्ह’वरही ओपनडब्ल्यूआरटी बसविता येते.

परंतु काही यंत्रे कंपनीची सही नसलेली प्रणाली सुरूच होऊ देत नाहीत. सातबाऱ्यावर नाव कुळाचे आणि ताबा जमीनदाराचा, हा प्रकार महाराष्ट्राला अपरिचित नाही. २००७ मधील जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने हा ताबाही मागितला; लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. टोरव्हाल्ड्स यांचा तो निर्णय ग्राहकाच्या पथ्यावर पडला नाही.

डागडुजी थांबविणाऱ्या कंपनीने किल्ली ग्राहकाच्या हवाली करावी, असा कायदा हवा. तोवर जुन्या पेटीवर नवी प्रणाली चढविणाऱ्याने मजकुराची दुसरी प्रत आधी काढावी. चूक झाल्यास पेटी निपचित पडते. मग सिरियल तार जोडून तिला उठवावे लागते. आयटीआयच्या मुलांना हे काम सहज शिकविता येईल.