तांदूळ विकू, मैत्रिणी नाही

गेल्या उन्हाळ्यात आमच्या लाखनीतल्या बचतगटांच्या बैठकीत एका बाईनं उठून विचारलं, "ताई, माहा नंबर त्यायले कोनं देला वो?" मला उत्तर देता आलं नाही. कारण नंबर मीच दिला होता.

झालं ते असं. आमचे गट चिन्नोर तांदूळ, पोहे आणि मोहफुलांचे लाडू करतात. प्रदर्शनं वर्षातून एकदोनदाच भरतात, म्हणून इंटरनेटवर माल विकायचं ठरलं. शिकवायला शहरातून एक तरुण आला. "मॅडम, आधी डेटा लागेल," म्हणाला. मी गटांची वही पुढं केली. तीनशे बायकांची नावं, मोबाईल नंबर, कुणावर किती कर्ज, सगळं तिच्यात. त्यानं पानांचे फोटो काढले. महिनाभरात बायकांना फोन सुरू झाले. झटपट कर्ज, गोरेपणाची क्रीम, घरबसल्या कमाई. फोनवरच्या माणसाला बाईचं नाव माहीत, गटाचंही माहीत. एकीनं 'नोंदणी' म्हणून १,५०० रुपये भरले, ते बुडाले. घरी तिला काय ऐकावं लागलं असेल हे तुम्हांला सांगायला नको. नंबर त्या तरुणामार्फतच बाहेर गेले असं मी सिद्ध करू शकत नाही. पण वही तीनशे जणींची होती आणि त्यांना न विचारता मी ती दिली, ही चूक माझी.

त्यानंतर या धंद्याची भाषा मी मुद्दाम शिकून घेतली. तुम्हीही शिकून घ्या, कारण ती ऐकली की आपण कुठं उभ्या आहोत ते कळतं. ज्या बाईनं कुठंतरी नंबर दिला, ती म्हणजे 'लीड'. वय, गाव, आजवर काय पाहिलं, काय घेतलं यावरून तिला नेमकी जाहिरात दाखवणं म्हणजे 'टार्गेटिंग', सरळ मराठीत नेम धरणं. आपण संकेतस्थळावर गेलो की आपल्या फोनमध्ये ठेवली जाणारी, पुन्हा ओळख पटवणारी छोटी नोंद म्हणजे 'कुकी'. हजारांनी जाहिरात पाहायची, शेकड्यांनी चौकशी करायची आणि दहापाच जणींनी विकत घ्यायचं, या गळतीला म्हणतात 'फनेल', म्हणजे आपलं रॉकेलचं नरसाळं. दुसऱ्याचा माल खपवून देणाऱ्याला दलाली मिळते, ते 'अफिलिएट'. आणि न मागता येणारा संदेशांचा मारा म्हणजे 'स्पॅम'.

या सगळ्या शब्दांत माणूस कुठं आहे? पूर्वी जाहिरातीत बाई साबणाशेजारी शोभेला उभी असायची. त्याविरुद्ध स्त्री-चळवळ लढली आणि जाहिरातींतल्या स्त्रीच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा १९८६ साली झाला. आता बाईचं चित्रही लागत नाही. तिचा नंबर, तिची गरज आणि तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या दहा मैत्रिणी एवढं बाजाराला पुरतं. बचतगट म्हणजे बाजाराच्या नजरेत आयती यादी. आपण पंधरा-वीस वर्षं दर महिन्याला सतरंजीवर बसून जो विश्वास जमवला, तो बाजाराला फुकटात हवा आहे.

हे नवीन नाही. २०१०-११ मध्ये 'स्पीक एशिया' नावाच्या कंपनीनं ऑनलाईन सर्वेक्षणाच्या नावाखाली हेच केलं. ११,००० रुपये भरा, आठवड्याला दोन सर्वेक्षणं भरा, प्रत्येकी ५०० रुपये कमवा. नवीन माणसं आणलीत तर आणखी मिळतील. वीस लाखांच्या वर लोक अडकले. २०११ मध्ये डोलारा कोसळला आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडं तपास गेला. शब्द होता 'मार्केट रिसर्च'. प्रत्यक्षात जो तो आपला मामा, मावशी, शेजारीण विकत होता. २०२१ च्या थेट विक्री नियमांनी अशा पिरॅमिड योजनांना मनाई केली. तरी नवं नाव घेऊन त्या येतच असतात, आणि पहिला फोन आपल्याच मैत्रिणीचा असतो.

पण दोष फक्त बाहेरच्यांचा नाही. त्या तरुणानं आम्हांला आणखी तीन गोष्टी शिकवल्या होत्या. गटातल्याच दहा जणींनी गिऱ्हाईक म्हणून पाच-पाच तारे द्यायचे. तांदूळ पोत्यानं पडला असला तरी 'फक्त ३ पाकिटं शिल्लक' लिहायचं. आणि लाडवांवर 'मधुमेहावर गुणकारी' असं टाकायचं. आमच्यातल्या काहींना ते पटलं. एकजण म्हणाली, "सारेच करतात. आपुनच खऱ्यानं वागून उपाशी मरावं का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धानाचं पीक हातचं गेलं की लाडवांच्या पैशांवर पोरांची फी भरणाऱ्या बाईला नीतीचे धडे देणं सोपं असतं. म्हणून मी आधी कायदा सांगितला. विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं सोंग घेऊन स्वतःच्या मालाची तारीफ लिहायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे. खोटी घाई दाखवणं हा २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेल्या १३ 'डार्क पॅटर्न'पैकी, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या रचनांपैकी, एक आहे. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करण्याविरुद्ध तर १९५४ पासूनचा कायदा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मोठी कंपनी वकील लावील. आपला गट काय लावील?

मग दुसरी गोष्ट सांगितली. लाडू खाऊन शुगर उतरेल म्हणून कुणी गोळी सोडली, तर ती सोडणारी बहुतेक आपल्यासारखीच बाई असेल, स्वतःच्या औषधावर खर्च करताना दहादा विचार करणारी. तिला फसवून आपली सक्षमता कसली?

दोन बैठका वाद झाला. शेवटी आम्ही पाच गोष्टी ठरवल्या. जिचा नंबर, तिला विचारल्याशिवाय तो कुणाला द्यायचा नाही; आणि 'हो' म्हटलेल्या बाईला उद्या 'नाही' म्हणता आलं पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचंही तत्त्व तेच आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू करायचं ठरलं. आपल्या मालाला आपणच तारे द्यायचे नाहीत. रोगावर गुण येतो असं लिहायचं नाही. दलाली मिळत असेल तर मैत्रिणीला आधी तसं सांगायचं. आणि माणसं आणल्याबद्दल पैसे देणाऱ्या योजनेला गटाच्या बैठकीत जागा द्यायची नाही.

विक्री वाढली का? फारशी नाही. पाकिटं हळूहळू जातात. पण ज्यांनी एकदा चिन्नोर नेला त्यातल्या काहींनी पुन्हा मागवला, आणि त्यांचा अभिप्राय त्यांनी स्वतः लिहिला आहे. ज्या बाईचे १,५०० गेले तिच्याबरोबर बसून १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार केली. पैसे अजून मिळालेले नाहीत. फसव्या जाहिरातीसाठी ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे, आणि नको असलेले व्यापारी फोन थांबवायला १९०९ वर नोंद करता येते. हे तीन आकडे आता आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत.

इंटरनेटकडं पाठ फिरवा असं मी म्हणत नाही. अडत्याशिवाय आपला माल थेट नागपूर-मुंबईला जातो ही मोठी गोष्ट आहे, आणि तो हक्क आपण सोडू नये. पण बाजारात जाताना आपण टोपलीत काय घेऊन निघालो आहोत ते बघून घ्यावं. त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर मी पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर दिलं, माफीही मागितली. ती काही वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आता वही कोनाजवळ राहीन, ते आमी ठरवू." वही आता तिच्याकडं असते.

तुमच्या गटाची वही कुणाकडं आहे? जरूर कळवा.