वाचनीय पुस्तकांच्या यादीत कामगार कुठे आहे?



वर्षअखेरीला आपल्या रविवार पुरवणीत वाचनीय पुस्तकांची यादी येते. इतिहास, आत्मकथन आणि चालू घडामोडींवरची पुस्तके मी बहुतेक त्या यादीवरूनच घेत आलो आहे. म्हणूनच हे पत्र हक्काने लिहितो. इतिहास म्हणजे गड आणि लढाया, आत्मकथन म्हणजे नेते, अधिकारी आणि कलावंत, चालू घडामोडी म्हणजे दिल्ली, अशीच या यादीची वाटणी ठरून गेली आहे. पिंपरी ते चाकण या पट्ट्यात तीन पाळ्यांत राबणारा माणूस तिच्यात कुठेच सापडत नाही.

कारखानदारांवर पुस्तके निघतात. गीता पिरामल यांनी लिहिलेले राहुल बजाज यांचे चरित्र २०२२मध्ये आले, थॉमस मॅथ्यू यांनी लिहिलेले रतन टाटांचे २०२४मध्ये. ती यावीत आणि वाचलीही जावीत. पण त्यांच्याच कारखान्यांची दुसरी बाजू कोण सांगणार? सप्टेंबर १९८९मध्ये टाटांच्या टेल्कोचे संपकरी कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी त्यांना रातोरात उचलले. या संपाची हकिकत व्यवस्थापनाच्या बाजूने पुष्कळदा लिहून झाली आहे. त्या महिन्यांत चिंचवड-भोसरीतल्या घरांत किराणा कसा भरला, कोण कामावर परतले, कोण शेवटपर्यंत बाहेर राहिले आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत काय तुटले, हेही इतिहासात यायला हवे.

पिंपरी-चिंचवड शहराचा इतिहास काही लहान नाही. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे पिंपरी कॅम्पात आली. १९५४मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातली पहिली औषध कंपनी इथे स्थापन झाली आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. साठच्या दशकात मोठे वाहन कारखाने आले, १९७०मध्ये नगरपालिका झाली, १९८२मध्ये महापालिका. मराठवाडा, सोलापूर, सातारा, खानदेशातून आलेल्या माणसांनी एका पिढीत चार गावांचे महानगर केले. पुढे कारखानदारी चाकणकडे सरकली आणि परमनंटच्या जागी ट्रेनी आणि कंत्राटी आले. २९ कामगार कायद्यांऐवजी ४ संहिता संसदेने मंजूर केल्या. चाकणच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या पोरांसाठी याहून मोठी चालू घडामोड कोणती?

‘अशी पुस्तकेच नाहीत, तर शिफारस कशाची करायची?’ असे आपण विचाराल. पुस्तके आहेत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी मुंबईच्या गिरणगावातल्या माणसांना बोलते करून त्यांचा मौखिक इतिहास २००४मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने आणला. नेहा दीक्षित यांचे ‘द मेनी लाइव्ह्ज ऑफ सय्यदा एक्स’ हे २०२४चे पुस्तक दिल्लीत मिळेल ते काम करत जगणाऱ्या एका स्थलांतरित बाईची कहाणी सांगते. अशा पुस्तकांची नावे मराठी यादीत ठळक छापली, तर वाचनालये मागणी नोंदवतील आणि प्रकाशक अनुवादाचा विचार करतील.

‘कामगार लिहीत नाहीत’ हा दुसरा आक्षेपही मला मान्य नाही. ग्रंथालीने १९७८मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ काढले आणि मराठी वाचकाने ते डोक्यावर घेतले. लातूरच्या सूतगिरणीत काम केलेल्या, युनियन चालवलेल्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या टूलरूममध्ये एक जुने टर्नर होते. नव्या पोराला ते लेथजवळ उभे करून सांगत, ‘मीटरकडे नंतर बघ, आधी चिप बघ. निळी पडली म्हणजे टूल तापतंय. आवाज चिरका झाला म्हणजे धार गेली.’ असे बोलणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखे काही नसते, असे कोण म्हणेल? त्याच्यासमोर वही घेऊन बसणारा कुणीतरी हवा.

कागदही हातचे जात आहेत. काळेवाडीतल्या एका सहकाऱ्याच्या पेटीत गेट मीटिंगची हँडबिले, मागणीपत्रकांच्या प्रती, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या आणि कॅन्टीनची कुपने वर्षानुवर्षे जपलेली होती. घर बदलताना मुलांनी ती पेटी रद्दीवाल्याच्या काट्यावर रिकामी केली. मुलांना दोष देता येत नाही, कारण त्या कागदांना काही मोल आहे असे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. ते मोल सांगणे हे वर्तमानपत्राचे काम आहे.

म्हणून तीन मागण्या करतो. यंदाच्या यादीत ‘काम आणि कामगार’ हा स्वतंत्र विभाग असावा. पुस्तके निवडणाऱ्यांत प्राध्यापक-समीक्षकांबरोबर एखादा कामगार कार्यकर्ता आणि औद्योगिक वस्तीतला एखादा ग्रंथपाल असावा. तिसरी मागणी आपल्यामार्फत महापालिका आणि विद्यापीठाकडे आहे. जानेवारी २०१६मध्ये ८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. संमेलनाचा एवढा मोठा मांडव घालू शकणाऱ्या शहराला जुन्या कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे आणि त्यांचे कागद एका जागी जतन करणे सहज परवडेल. साठच्या दशकात विशीत कामाला लागलेली माणसे आज ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे राहिलेले नाही.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड