पोत्यावरचा ग्रेड वाचता, मग डब्याची मागची बाजू का नाही?



खताचं पोतं घेताना आपण पुढचं चित्र बघत नाही. 10:26:26 म्हणजे नत्र 10, स्फुरद 26, पालाश 26 टक्के, हे शाळेची पायरी न चढलेला माणूसही सांगतो. टॉनिकवाला "फुटवे दुप्पट" म्हणाला की आपला पहिला प्रश्न, "आत काय आहे?" पण लेकरांच्या दुधात घालायच्या पावडरीला हा प्रश्न कुणी विचारत नाही. उंची वाढते, ताकद येते, डोकं चालतं, असं टीव्हीवर ऐकलं की डबा घरात.

बोर्नव्हिटाचंच घ्या. 2023 मध्ये त्यातल्या साखरेवरून देशभर वाद झाला. तेव्हा 100 ग्रॅम पावडरीत वरून घातलेली साखर 37.4 ग्रॅम होती. पुढे कंपनीने ती 32.2 वर आणली. म्हणजे तरीही जवळपास तिसरा हिस्सा साखरच. एप्रिल 2024 मध्ये एफएसएसएआयने ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं, की अशी माल्टची, दुधाची पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका. कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही! पण ही सूचना ऑनलाइनवाल्यांना. आपल्या डोक्यात बसलेलं नाव कोण काढणार?

ही पावडर विष आहे असं मी म्हणत नाही. जीवनसत्त्वं घातलेली असतात, तेही खरं. माझा आक्षेप हिशोबाला आहे. कपातली बरीचशी प्रथिनं आणि कॅल्शियम दुधाचं, आणि श्रेय डब्याला. आपण गाईचं दूध डेअरीला घालतो आणि त्याच पैशातून लेकरांसाठी साखरेची पावडर आणतो. घरात शेंगदाणे असतात, 100 ग्रॅमला 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. नाचणीत कॅल्शियम साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम. यांची जाहिरात कोण करणार?

तेव्हा डबा उलटा करा. घटकांच्या यादीत वजनाने जास्त असतं ते आधी लिहिलेलं असतं. साखर कितव्या नंबरला आहे ते बघा. मग 'अ‍ॅडेड शुगर्स' समोरचा 100 ग्रॅमचा आकडा वाचा.

कृषी सहायक मित्रांनो, शेतीशाळेत खताचं लेबल वाचायला शिकवता, तिथेच पाच मिनिटं या डब्यालाही द्या. बायाबापड्या बसलेल्याच असतात. पिकाला काय घालतो याचा हिशोब ठेवतो, तसा लेकरांचाही ठेवू.